गळ, मासा आणि वही

नदीच्या डोहाशी, तलावाच्या बांधावर किंवा खाडीच्या धक्क्यावर हातात काठी धरून तासन् तास बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याचे पोट या मासळीवर अवलंबून नसते. सुटीच्या दिवशी तो हौसेने येतो, गळाला आमिष लावतो आणि दोर पाण्यात सोडून वाट पाहत बसतो. कोकणात याला 'गरवणे' म्हणतात. काही हौशी मासेमार तर धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देतात.

या छंदाविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की मुक्या प्राण्याच्या तोंडात काटा अडकवून मजा पाहणे ही क्रूरता आहे. दुसरे मत असे, की या छंदाने माणूस निसर्गाच्या जवळ जातो, त्याला पाण्याची आणि माशांची ओळख होते. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण मला वाटते, की या वादात एक महत्त्वाची वस्तू कोणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे हौशी मासेमाराची वही. आपण काय धरले, कोठे धरले आणि किती वेळ बसून धरले हे जो लिहून ठेवतो, त्याचा छंद विज्ञानाच्या उपयोगी पडू शकतो. जो लिहीत नाही, त्याची केवळ करमणूक होते. हे मत मी का मांडतो, ते कावेरी नदीतील एका माशाच्या हकिगतीवरून सांगतो.

कावेरीचा कुबडा महसीर

महसीर हा गोड्या पाण्यातील मोठा, ताकदवान मासा. अंगावर मोठमोठे खवले, जाड ओठ आणि वाहत्या, खडकाळ पाण्याची आवड ही त्याची लक्षणे. भारतातील नद्यांत त्याच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी कावेरीच्या खोऱ्यात राहणाऱ्या एका जातीच्या पाठीवर डोक्यामागे उंचवटा असतो, म्हणून त्याला कुबडा महसीर म्हणतात. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनी येथे गळाला लागलेला एक महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोग्रॅमचा होता. तुमच्या वर्गातील बहुतेक मुलांपेक्षा तो जड भरला असता!

अशा माशांमुळे कावेरीची कीर्ती इंग्रज अमदानीतच दूरवर पसरली होती. हेन्री सुलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने भारतातील गळाच्या मासेमारीवर लिहिलेले पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर हे मासे संपले असावेत असा अनेकांचा समज झाला होता. पण १९७० नंतरच्या दशकात परदेशी हौशी मासेमार पुन्हा कावेरीवर आले आणि मोठे महसीर अजून आहेत हे दिसून आले. मग कर्नाटकात नदीकाठी गॅलिबोरे, भीमेश्वरी अशा ठिकाणी त्यांच्यासाठी तळ उभे राहिले.

तेथील पद्धत मजेदार होती. नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा गळाला लावायचा आणि वेताच्या गोल परिसलीतून, म्हणजे टोपलीसारख्या होडीतून, डोहात जायचे. मासा लागला की त्याला थकवून काठाशी आणायचे, वजन करायचे आणि पुन्हा नदीत सोडायचे. जवळच्या गावांतील लोकांना वाटाडे आणि पहारेकरी म्हणून काम मिळाले. त्यांच्यात पूर्वी चोरून मासे मारणारेही होते. ज्या डोहात एके काळी सुरुंग उडत, तेथे आता राखण होऊ लागली.

वहीने काय सांगितले?

गॅलिबोरेच्या तळावर प्रत्येक दिवसाची नोंद ठेवली जाई. कोण किती तास बसला, किती मासे लागले, त्यांचे वजन किती आणि रंग कोणता, हे सारे त्यात असे. लिहिणाऱ्यांनी ते शास्त्रासाठी लिहिले नव्हते. पण पुढे काही शास्त्रज्ञांनी १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी तपासल्या आणि त्यांवरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे सुमारे साडेतेवीस हजार तासांचा हिशेब आणि सहा हजारांहून अधिक माशांची माहिती होती. म्हणजे सरासरीने एका माशासाठी जवळजवळ चार तास बसावे लागले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नुसते 'आज पाच मासे मिळाले' असे लिहिले, तर त्यावरून फारसे काही कळत नाही. पाच मासे एका तासात मिळाले की दहा तासांत, हे कळले तरच नदीत मासे किती असावेत याचा अंदाज बांधता येतो. म्हणून 'दिवसभर बसलो, काही मिळाले नाही' ही नोंदही तितकीच मोलाची असते. प्रयोगवहीत नकोसे उत्तर खोडून टाकणाऱ्या विद्यार्थ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

एकूण आकडे पाहता चित्र आनंदाचे होते. वर्षे गेली तशी मिळणाऱ्या महसीरांची संख्या वाढलेली दिसली. पण नोंदीत माशांचे दोन प्रकार वेगळे लिहिलेले होते, एक निळसर परांचा आणि एक सोनेरी, म्हणजे आपला कुबडा महसीर. हे दोन प्रकार निराळे काढून मोजताच चित्र पालटले. वाढ होती ती निळ्या परांच्या महसीरांची. कुबडा महसीर कमी कमी होत चालला होता.

त्याहून चिंतेची गोष्ट पुढे आहे. कुबडे महसीर संख्येने घटत असताना त्यांचे सरासरी वजन मात्र वाढत होते. हे ऐकून एखादा म्हणेल, 'मासे मोठे होत आहेत, मग चांगलेच आहे की!' पण असे समजा, की एखाद्या शाळेत दरवर्षी पहिलीत कोणी येईनासे झाले. काही वर्षांनी त्या शाळेत फक्त उंच, मोठी मुले दिसतील. मुलांची सरासरी उंची वाढेल, पण शाळा बंद पडण्याच्या मार्गावर असेल. कुबड्या महसीराचे तेच झाले होते. म्हातारे मासे उरले होते आणि पिल्ले वाढून त्यांच्या जागी येत नव्हती.

निळ्या परांचा पाहुणा

मग निळ्या परांचा महसीर आला कोठून? त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात सापडते. या जातीचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून तिचे वर्णन केले आणि नावही येथील बोलीतलेच ठेवले. ही जात धरणे व प्रदूषण यांमुळे कमी होऊ लागली, तेव्हा लोणावळ्याला टाटा वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात तिची कृत्रिम पैदास सुरू केली. हे काम यशस्वी झाले व नावाजले गेले. तेथे वाढलेली बोटुकली अनेक राज्यांत पाठवून नद्या-तलावांत सोडण्यात आली. कावेरीतही ती पोचली.

हेतू चांगला होता. महसीर कमी होत आहेत, तर महसीर सोडू या, असा विचार त्यामागे होता. पण 'महसीर' हे एका माशाचे नाव नाही, एका कुळाचे आहे. एका खोऱ्यातील जात दुसऱ्या खोऱ्यात सोडली, की ती तेथे पाहुणी असते आणि कधी कधी पाहुणाच घरमालक होऊन बसतो. कुबडा महसीर केवळ यामुळेच घटला असे मात्र म्हणता येणार नाही. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाने होणारी चोरटी मासेमारी आणि उन्हाळ्यात आटणारे पाणी ही कारणेही आहेत. तरी बाहेरचे मासे सोडताना आधी विचारपूस झाली नाही, हे खरे.

आणखी एक नवल पाहा. ज्या माशाची कीर्ती शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर होती, त्याला शास्त्रात पक्के नावच नव्हते! केरळातील पांबार नदीतून 'टॉर रेमादेवी' या जातीचे वर्णन पूर्वी झाले होते. पांबारचे पाणीही अखेर कावेरीलाच मिळते. कावेरीचा कुबडा महसीर तोच, हे शरीररचना व डी. एन. ए. यांच्या तपासणीवरून २०१८ साली स्पष्ट झाले. ज्याला नाव नाही, त्याला धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत घालणार कसे? नाव मिळताच त्याच वर्षी जागतिक यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

माशाचे काय?

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. हे सारे माशाच्या जिवावर नाही का? हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ट्राऊट माशाच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजेची जाणीव घेणारे मज्जातंतू आहेत, असे ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवले. माशाला वेदना आपल्यासारखी जाणवते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण त्याला काहीच कळत नाही असे म्हणण्याचे दिवस गेले.

सोडून दिलेला मासा जगतो का, हाही प्रश्न आहे. गळाशी झुंजताना त्याचे स्नायू थकतात व रक्तात लॅक्टिक आम्ल वाढते. त्याच वेळी त्याला पाण्याबाहेर काढले, तर कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घेणे थांबते. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्राऊट माशांना दमेपर्यंत पळवले. हवेत न काढलेल्यांपैकी ८८ टक्के मासे १२ तासांनंतर जिवंत होते. अर्धा मिनिट हवेत ठेवलेल्यांपैकी ६२ टक्के, तर एक मिनिट ठेवलेल्यांपैकी फक्त २८ टक्के जगले. प्रयोगशाळेतील ट्राऊटचे आकडे महसीरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण माशाला हातात उचलून छायाचित्रासाठी हसत उभे राहण्याची किंमत कोण देतो, हे त्यांवरून उमगते.

म्हणून माझे म्हणणे असे, की मासा सोडायचाच असेल, तर तो जगेल अशा रीतीने सोडावा. उलट काटा नसलेला गळ वापरावा, मासा पाण्यातच ठेवून सोडवावा, हात ओले करूनच त्याला धरावे. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम असतो, तो ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. अशा दिवसांत माशाला झुंजवू नये. आणि ज्याला मासा खायचा आहे, त्याने लागतील तेवढेच धरावेत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

वही बंद पडू नये

वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात गळाचा खेळ बसत नाही, असा अर्थ लावला गेला आणि २०१२ मध्ये कावेरीवरील ते तळ बंद झाले. अभयारण्यात वाघाला एक न्याय आणि माशाला दुसरा, असे असू नये, हे मला पटते. तेव्हा काठ्या गेल्या याची खंत मी करणार नाही. खंत वाटते ती ही, की काठीबरोबर वहीही मिटली. बंदी घालतानाच दरवर्षी मासे मोजण्याची काही व्यवस्था व्हायला हवी होती. आपल्याला पाण्याखालचे दिसत नाही. जंगलातील झाड तोडले तर खुंट तरी उरतो. नदीतून मासा नाहीसा झाला, तर पाण्यावर तरंगही उठत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी तुम्हांला हातात गळ घ्यायलाच हवा असे नाही. तुमच्या गावच्या मासळीबाजारात आठवड्यातून एकदा जा. नदीतले, तळ्यातले कोणते मासे आले, ते गावच्या बोलीतील नावासह लिहा आणि मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्या. जुन्या भोई मंडळींना विचारा, की पूर्वी मिळणारा कोणता मासा आता मिळत नाही. शिक्षकांनी ही वही शाळेच्या कपाटात जपून ठेवावी आणि पुढच्या तुकडीकडे सोपवावी. एका वर्षाच्या नोंदीतून थोडेच कळेल, पण पंधरा वर्षांच्या नोंदीतून काय कळते ते आपण पाहिले. पाण्यात उतरायचे तर मोठे माणूस बरोबर हवेच. आणि घरच्या मत्स्यपेटीतील मासे कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडून देऊ नका. दयेपोटी केलेली तीही एक चूकच ठरते.

मुळा-मुठेच्या काठावर साईक्स यांनी १८३९ पूर्वी ज्या माशांची नोंद केली, त्यांपैकी आज तेथे कोणते उरले आहेत, हे पाहण्याचे काम पुण्याच्या एखाद्या शाळेने अंगावर घेतले तर किती बरे होईल! त्यांची यादी आपल्या हाती आहे. तिच्या शेजारी ठेवायला आपली यादी हवी.