हादऱ्याचा आकडा आम्हालाही दिसू द्या

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या उघड्या खाणीला लागून असलेल्या वस्तीत बचत गटाची मीटिंग ठेवायची, तर आधी विचारावं लागतं, "आज ब्लास्टिंग किती वाजता?" भोंगा वाजला की मांडणीवरचे डबे आत सरकवायचे, पाळण्यातलं बाळ उचलून घ्यायचं, सासूबाईंना सांगायचं, घाबरू नका. त्या वेळी पुरुषमाणसं घरात नसतात. ती कामावर, बऱ्याचदा त्याच खाणीत. म्हणून मला वाटतं, या विषयावर बायकांनीच बोलायला हवं. "ताई, टेक्निकल विषय आहे," हे वाक्य मी खूप ऐकलंय. असू दे की! प्रेशर कुकर काय टेक्निकल नाही?

समजून घेतलं तर गोष्ट फार अवघड नाही. कोळशावरचा खडक फोडायला त्यात ओळीनं खोल भोकं पाडतात आणि दारू भरतात. आता पोतंभर गहू माळ्यावरून एकदम खाली टाकला तर घर दणाणेल, तोच पायली-पायलीनं ओतला तर नाही. तसंच हे. दिवसभरात एकूण दारू किती उडवली यापेक्षा एका क्षणी किती उडाली, यावर जमिनीचा हादरा ठरतो. म्हणून दोन भोकांच्या उडण्यात सेकंदाच्या काही हजाराव्या भागाचं अंतर ठेवतात. भोकाचं तोंड मातीनं नीट ठासलं नाही तर दगड उडतात. वस्ती जवळ असेल तेव्हा वरून जाळी आणि वाळूची पोती टाकतात. म्हणजे सांभाळून काम करायची रीत आहे, ती कुणी नव्यानं शोधायची नाही.

नियमही आहेत. २०१७ च्या कोळसा खाण नियमांप्रमाणे बार उडवायच्या जागेपासून ५०० मीटरचा घेर धोक्याचा. हादऱ्याची मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयानं, म्हणजे डीजीएमएसनं, १९९७ सालच्या परिपत्रकात ठरवून दिली. खाणीच्या मालकीची नसलेली घरं असतील तर हादऱ्याचा वेग सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. हादरा जितका संथ, तितकी मर्यादा कडक, कारण संथ हेलकाव्यानं घर जास्त डोलतं. खाणीच्या स्वतःच्या क्वार्टरांसाठी हीच मर्यादा १० ते २५ आहे. आपल्या घरांना जास्त जपायचं, असं कागदावर तरी लिहिलेलं आहे.

मग भांडण कशाचं? साहेब म्हणतात, "मर्यादेत आहे." वस्तीतली बाई म्हणते, "घर हललं." माझ्या मते दोघंही खरं बोलत असू शकतात. माणसाच्या अंगाला १ मिलिमीटरच्या आतला हादराही कळतो. शिवाय खिडकीची तावदानं वाजतात ती पुष्कळदा हवेतल्या दणक्यानं, जमिनीतून आलेल्या हादऱ्यानं नव्हे. हे आम्हाला कुणी नीट बसून सांगितलं असतं तर निम्मी भीती गेली असती. पण हादरा मोजायचं यंत्र लागतं, त्याचा आकडा फायलीत जातो आणि ज्या घराचा आकडा त्या घराला तो कळत नाही. मी स्वतः ते यंत्र एकदा खाणीच्या ऑफिसजवळ लावलेलं पाहिलंय. ते लागायला हवं वस्तीतल्या खाणीकडच्या पहिल्या घरापाशी.

आपल्याकडच्या काळ्या मातीचंही सांगायला हवं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खाण नसलेल्या गावातही भिंती तडकवते. म्हणून "तडा गेला, भरपाई द्या" एवढं म्हणून भागत नाही. गटातल्या बायकांनी मागच्या वर्षीपासून एक सुरू केलंय. तड्याच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची आणि मोबाइलवर फोटो काढायचा. मे महिन्यात रुंदावलेले काही तडे पावसाळ्यात मिटले. ते आम्ही स्वतःहून यादीतून काढले. जे मिटले नाहीत, रेघ ओलांडून पुढे गेले, त्यांच्याबद्दलच आम्ही बोलतो. खरं तर खाण वस्तीकडे सरकण्याआधी प्रत्येक घराची अशी नोंद खाणीनंच, घरच्या बाईसमोर, करायला हवी. नंतर तडा जुना की नवा, हे कोण ठरवणार?

एकजण मला म्हणाली, "काकू, आकडा लिहिल्यानं भिंत थोडीच सांधते?" नाही सांधत. पण रोज संध्याकाळी आकडा चारचौघात लागणार असेल, तर दारू भरणारा हातही जरा जपून भरेल, असा माझा साधा हिशेब आहे.

येत्या ग्रामसभेत आमचा गट ठराव मांडणार आहे. ब्लास्टिंगची वेळ आदल्या दिवशी कळावी, यंत्र वस्तीत लागावं आणि त्या दिवशीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत, मर्यादेच्या आकड्याशेजारी लिहावा. ब्लास्टिंगच्या वेळी घरात असणाऱ्या बायकांनी त्या दिवशी सभेला यायचंय. भाजी नंतर टाकता येईल.