गांधीलमाशी आणि पेटता पलिता

उज्जैनला नानाखेड्यात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा परवा फोन आला. "दादा, छज्जाखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलंय. हे म्हणतात, काठीला चिंधी बांधून जाळू." मी म्हटले, तेवढे करू नका! आपल्या सीमाभागातही हाच उपाय चालतो. पण पोळे पेटले की चवताळलेल्या माश्या आधी काठीवाल्यालाच गाठतात. मधमाशी एकदा डसून मरते, ही पुन्हा पुन्हा डसते.

कानडीत हिला कणज म्हणतात, धान्याच्या कोठारालाही कणजच. बिचारी धान्याला मात्र तोंड लावत नाही. परसातल्या अळ्या पकडून पिलांना भरवते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी 'रोपालिडिया मार्जिनाटा' या जातीचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि २००१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. या माश्यांची राणी म्हणे अगदी मवाळ, दांडगाई करत नाही. असल्या शेजारणी कोपऱ्यात असतील तर राहू द्याव्यात.

दारावरच पोळे असेल तर दोन-चार घरांचे असतानाच, अंधार पडल्यावर, अंग पूर्ण झाकून साबणाच्या पाण्याचा फवारा मारावा आणि ते काढावे. शिडीवर चढून नव्हे. मडक्याएवढे, बाहेरून बंद पोळे दिसले तर अग्निशामक दलाला किंवा जाणकाराला बोलवावे. आणि डसल्यावर तोंड सुजले, दम लागला किंवा बऱ्याच माश्या डसल्या, तर चुना लावत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.