उपकार फेडू नका, पुढच्याला द्या

कंग्राळी खुर्द, कंग्राळी बुद्रुक, अलतगे, कडोली आणि पंचक्रोशीतल्या सर्व बंधू-भगिनींना कळकळीची विनंती.

ऊस तुटायला लागला आहे. कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली आणि बेळगावचं पहाटेचं धुकं नदीकाठी उतरायला लागलं. दर वर्षी याच दिवसांत आपल्या भागातला कुणी ना कुणी रस्त्यावर पडतो. म्हणून हे आज लिहितो आहे. हंगाम संपल्यावर लिहून उपयोग नाही.

मागच्या हंगामात मी स्वतः पडलो. पहाटे साडेपाचच्या सुमारास शहरात दुधाचा रतीब घालायला निघालो होतो. गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन. रस्त्याच्या कडेला उसाची भरलेली ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता, लाल कापड नव्हतं. धुक्यात मला ती दिसली तेव्हा दहा फुटांचं अंतर उरलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला खोक पडली, दूध रस्त्यावर सांडलं. पडल्या पडल्या मी गाड्यांचे आवाज ऐकत होतो. तीन गाड्या जवळून गेल्या. एक क्षणभर मंदावली आणि पुन्हा वेगानं निघून गेली. त्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर थांबलो असतो का, हे मला तेव्हा खात्रीनं सांगता आलं नसतं.

चौथा आला तो भाजीचा टेम्पो. मेथी-कोथिंबिरीच्या पेंढ्या भरून मार्केट यार्डाकडे चालला होता. ड्रायव्हरनं खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोक्याला गच्च बांधला, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. माझा भाऊ येईपर्यंत, सव्वा तास, तो बाकावर बसून राहिला. पालेभाजीचा बाजार पहाटेचा असतो. ऊन चढलं की मेथी मान टाकते आणि दर पडतो. त्याचा त्या दिवसाचा बाजार माझ्यामुळं बुडाला. भावानं पाचशेची नोट पुढं केली तेव्हा तो मागं सरला. "ब्याड री, ब्याड," म्हणाला. भावानं नंबर मागितला, कधीतरी उपकार फेडू म्हणाला. त्यावर त्यानं दोनच शब्द उच्चारले, "मुंदिनवरिगे माड्री." आणि निघून गेला.

आपल्या भागात हे कन्नड कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पुढच्यांसाठी करा. मला नको, पुढच्याला द्या.

घरी पडून होतो त्या दीड महिन्यात हे दोन शब्द डोक्यातून गेले नाहीत. आपण शेतकरी माणसं. आपल्याला पैरा ठाऊक आहे. रोप लावणीला तुम्ही माझ्या शेतात एक दिवस या, मी तुमच्या शेतात एक दिवस येतो. बैलाचा पैरा, भांगलणीचा पैरा. पैरा फार मोलाचा आहे, त्याच्यावर आपल्या आजी-आजोबांची शेती उभी राहिली. पण पैऱ्याचा हिशेब दोन घरांत सुरू होतो आणि त्याच दोन घरांत मिटतो. ज्याच्याकडे शेत नाही, बैल नाही, जो काल भाड्याच्या खोलीत राहायला आला, तो पैऱ्यात बसत नाही. त्या टेम्पोवाल्यानं मला जो पैरा घातला तो वेगळा होता. तो परत करायला मला त्याचं घर माहीत नाही. तो फक्त पुढं जाऊ शकतो.

असा पुढं गेलेला पैरा आपण सर्वांनी पाहिलेला आहे, फक्त त्याला हे नाव दिलेलं नाही. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले आणि परतल्यावर विटाळ घालवण्यासाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावं लागलं. शाहू महाराजांनी त्या पोराला आसरा दिला. १९२२ साली महाराज गेले. ज्यानं छप्पर दिलं तोच गेल्यावर परतफेड कुणाला करायची? भाऊरावांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली होती, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. महाराजांकडून मिळालेलं छप्पर भाऊरावांनी महाराजांना परत केलं नाही. ज्यांना छप्पर नव्हतं त्यांना दिलं. आज त्या संस्थेत शिकून गेलेल्या माणसांची गणती करणं अवघड आहे, आणि त्यांतली कितीतरी आपल्याच सीमेपलीकडच्या गावांत मास्तर, डॉक्टर, शेतकरी म्हणून जगत आहेत.

दूरदेशीचंही एक सांगतो. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन १७८४ साली पॅरिसजवळ राहत होते. अडचणीत सापडलेल्या एका माणसाला त्यांनी पैसे पाठवले आणि पत्रात कळवलं की हे मला परत करू नका, तुमच्यासारखा दुसरा कुणी अडलेला भेटला की त्याला द्या आणि त्यालाही हीच अट घाला. थोड्या पैशात पुष्कळ भलं करायची ही आपली युक्ती आहे, असं त्यांनी मोकळेपणानं मान्यही केलं. आपला टेम्पोवाला फ्रँकलिन वाचून आला नव्हता. तरी दोघांना एकच सुचलं.

आता थांबायचं का नाही, हा खरा प्रश्न. गाड्या न थांबण्याचं कारण दुष्टपणा नाही, भीती आहे. पोलीस विचारतील, कोर्टाचे खेटे पडतील, दवाखाना पैसे मागेल. ही भीती वीस वर्षांपूर्वी खरी होती. आज तशी नाही, आणि हे घराघरांत कळायला हवं. आपल्या कर्नाटकानं २०१६ मध्ये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी ३० मार्चला सर्वोच्च न्यायालयानं केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. जखमीला दवाखान्यात पोचवून तुम्ही निघून जाऊ शकता. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. पहिल्या तासाभरात दवाखाना मिळाला असता तर यांतली कितीतरी घरी परतली असती.

मान किंवा पाठ दुखावली असल्याची शंका आली तर जखमीला ओढू नका, उचलू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, येणाऱ्या गाड्यांना हात करून सावध करा आणि रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. एवढं कुणालाही जमतं.

ट्रॅक्टरमालक आणि ड्रायव्हर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर लावा. त्याला फार पैसे पडत नाहीत. ट्रॉली बंद पडली की तुम्ही चाकाला आणि रस्त्यावर दगड लावता, ते ठीकच आहे. पण निघताना ते दगड उचलून बाजूला टाका. आणि तुम्ही विसरलात तर मागून येणारा जो कोणी दगड बघेल त्यानं गाडी थांबवून उचलावेत. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दगडावरून रात्री कोण पडणार होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि ज्याचा जीव वाचला त्यालाही कळणार नाही. अशी कामं मला सगळ्यात मोठी वाटतात.

तालमीतल्या आणि मंडळांतल्या पोरांनो, तुमच्याशी थोडं जास्त बोलायचं आहे. शिवजयंतीला, गणपतीत तुम्ही रक्तदान शिबिरं घेता, त्याचा गावाला अभिमान आहे. पण एका दिवशी सगळे देतात आणि मग महिनोन्महिने कुणी देत नाही. रक्तातल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. डेंगीच्या साथीत, कॅन्सरच्या उपचारात त्या रोज लागतात. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान पंचेचाळीस किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. या अटीत बसणारी पन्नास पोरं तर एकेका तालमीत निघतील. मग मंडळांनी महिने वाटून घ्यावेत. कार्तिक एकाचा, मार्गशीर्ष दुसऱ्याचा. बॅनर नको, फोटो नको. आठवड्याला चार-पाच जणांनी शहरातल्या रक्तपेढीत जाऊन यावं. गावात ज्याला कधी रक्त मिळालं आहे त्याच्या घरातल्या एकानं तरी यात असावं, असं मला मनापासून वाटतं.

शाळेतल्या मुलांनाही एक काम आहे, आणि ते मोठ्यांना जमणार नाही. आपल्या आजी-आजोबांच्या हातात जमिनीचा उतारा येतो, कचेरीची नोटीस येते, ती कन्नडमध्ये असते. ज्यांनी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिक्षण घेतलं त्यांना ती वाचता येत नाही. ती घडी घालून खिशात ठेवतात आणि मुदत निघून जाते. तुम्ही शाळेत कन्नड शिकता. शेजारच्या आजोबांना तो कागद वाचून दाखवा, तारीख सांगा, कुठं जायचं ते सांगा. आणि तुमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आलेल्या एखाद्या कन्नड मावशीला मराठी येत नसेल तर पाणी कधी येतं, रेशन दुकान कुठं आहे, बसथांबा कुठला, हे तिच्या भाषेत सांगा. सीमाभागात भाषेवरून आपण बरंच सोसलं आहे आणि तो प्रश्न आपल्या जागी आहे. पण तहानलेल्याला पाणी देताना भाषा विचारायची नसते, हे आपल्याच आईनं आपल्याला शिकवलं आहे.

२०१९ चा ऑगस्ट कुणी विसरलेला नाही. मार्कंडेय नदीचं पाणी भातशेतीवर पसरलं होतं. तिकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर चढली आणि पुणे-बंगळूर वाहतूक काही दिवस ठप्प झाली. परराज्यातले ट्रकवाले अडकून पडले. तेव्हा महामार्गाकाठच्या गावांतून भाकऱ्या निघाल्या, भाताची पातेली निघाली. कुणी कुणाला गाव विचारलं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हाही हेच घडलं. म्हणजे आपल्याकडे ही सवय आहे. पूर आल्यावर ती जागी होते आणि पाणी ओसरलं की झोपी जाते. माझं मागणं एवढंच आहे की पाणी नसतानाही ती जागी राहावी.

मी बरा झाल्यापासून पहाटे गाडीला टॉर्च बांधून निघतो. गेल्या वर्षात दोनदा थांबलो. एकदा सायकलवरून पडलेला शाळकरी मुलगा, एकदा चक्कर येऊन बसलेल्या आजी. दोघांच्या घरच्यांनी पैसे पुढं केले. मी म्हटलं, नको, पुढच्याला द्या.

त्या टेम्पोवाल्याचं नाव मला अजून माहीत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी प्रत्येकानं आज रात्री झोपण्यापूर्वी १०८ आणि ११२ हे आपत्कालीन मदतीचे दोन नंबर घरातल्या लहानथोरांकडून पाठ करून घ्यावेत, उद्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर आहे का ते बघावं, आणि पहाटे रस्त्याकडेला कुणी पडलेलं दिसलं तर गाडी थांबवावी. चौथी गाडी येईल म्हणून सोडून जाऊ नका. पहिली गाडी तुमची असू द्या.