डागडुजीचे लेखाशीर्ष

१ मे जवळ आला. त्या दिवशी ऊन चढायच्या आत कोल्हारच्या शाळांत झेंडावंदन होईल, मुलांच्या हाती निकाल पडेल आणि मग ग्रामसभेची वेळ होईल. महाराष्ट्र १९६० साली याच तारखेला जन्मला. राज्यातल्या जिल्हा परिषदांचा कारभारही १९६२ साली याच तारखेला सुरू झाला. पण गावाच्या दृष्टीने या दिवसाचे महत्त्व त्याहून रोकडे आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा दोन महिन्यांच्या आत घ्यावी लागते. तिच्यापुढे गेल्या वर्षीचा जमाखर्च, यंदाच्या कामांचा कार्यक्रम, लेखापरीक्षकाचे शेवटचे शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरे ठेवणे पंचायतीवर बंधनकारक आहे. शाळा, पाणी, दिवाबत्ती, स्मशानभूमी, बाग यांसाठी पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे तोंडावर विचारायचा हा दिवस.

विचारायला माणसे मात्र हवीत. गणपूर्तीसाठी मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी ती पुरते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही पळवाट गावोगावच्या पुढाऱ्यांना तोंडपाठ असते.

कोल्हारला तर हिशेबाची सवय मुळातली असायला हवी. प्रवरेच्या एका काठाला कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता. पलीकडे कोल्हार खुर्द, तालुका राहुरी. लोणी इथून हाकेच्या अंतरावर. तिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढे या पट्ट्यात उसाच्या बिलातल्या कपातीतून शाळा-महाविद्यालये उभी राहिली. बिल हाती आले की शेतकरी आधी कपातीचा रकाना बघायचा. कुरकूर करायचा, पण कपात कशाची ते त्याला ठाऊक असायचे. घरपट्टी भरताना तोच माणूस पावती खिशात घालून निघून जातो. २०१५च्या अखेरीस घरपट्टीची आकारणी क्षेत्रफळावरून भांडवली मूल्यावर गेली तेव्हा गावोगाव आरडाओरडा झाला, तो कर वाढला म्हणून. वाढलेला पैसा कुठे जाणार, हे फारसे कोणी विचारले नाही.

पंचायतीचे अंदाजपत्रक म्हणजे ‘नमुना १’. तो समोर घेऊन बसले की एक गोष्ट लक्षात येते. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर आणि मुद्रांक शुल्काचा वाटा हा त्यातला आपल्या मर्जीचा पैसा, म्हणजे स्वनिधी. बाकीचा येतानाच नाव लावून येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. मोकळा उरला चाळीस टक्के. त्यातूनच दिव्यांची बिले भरा असे २०२१ मध्ये सरकारने सांगितले, तेव्हा सरपंच चिडले, आणि त्यांचे चुकले नव्हते. याशिवाय ग्रामविकासाचे ‘२५१५’ हे लेखाशीर्ष आहे, जनसुविधा योजना आहे, दलित वस्ती सुधार आहे आणि दर आमदाराच्या हाती वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी आहे. या सगळ्यातून सभामंडप होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, बाकडी येतात, बाकड्याच्या पाठीवर देणाऱ्याचे नाव येते. बाकड्याची तुटलेली पट्टी बदलायला यांतले एकही शीर्ष सहजी सापडत नाही. उद्घाटन होते ते नव्या कामाचे. दुरुस्तीचा नारळ फोडताना कोणी फोटो काढत नाही. बागेचे तेच. झाडे लावायला योजना आहे. चैत्र-वैशाखात त्यांना पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार स्वनिधीतून द्यायचा असतो, आणि तो आधीच संपलेला असतो.

शाळेच्या बाबतीत ही खोड जिवावर बेतते. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर तालुक्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषदेच्या शाळेची वर्गखोली भर शाळेत कोसळली आणि तीन मुले गेली. त्यानंतर धोकादायक खोल्यांच्या याद्या झाल्या, निर्लेखनाचे प्रस्ताव हलले, नव्या खोल्यांसाठी पैसा शोधायची धावपळ झाली. तोवर या सगळ्याची वाट पाहावी लागली, हे आम्हाला त्या दुर्घटनेइतकेच गंभीर वाटते. खोली एका रात्रीत कमकुवत होत नाही. पावसाळ्यात पाणी कुठून गळते ते मास्तरांना माहीत असते, पोरांनाही माहीत असते. पण इमारत जिल्हा परिषदेची, निधी जिल्हा नियोजन समितीचा, अंदाजपत्रक बांधकाम उपअभियंत्याचे आणि मुले गावाची. शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती जे संयुक्त अनुदान येते, ते साधारण शंभर पटाच्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार; त्यातच खडू, वीज बिल, झाडू, फिनाईल. त्यातून छप्पर कसे होणार?

जिल्हा परिषदेत विचारावे, तर मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्यांच्या काळातले अर्थसंकल्प सभागृहातल्या भांडणाविना मंजूर झाले. आम्हाला ती भांडणे आठवतात. निम्मी टक्केवारीची असत हे कबूल. पण उरलेल्या निम्म्यांत कुणीतरी आपल्या गटातल्या शाळेच्या पत्र्यांसाठी हातातला कागद आपटत असे. ‘मिनी मंत्रालय’ म्हणून आपण ज्याचे कौतुक केले, तिथे सेसच्या पैशाची वाटणी एका सहीवर होत राहावी, याची जिल्ह्याला एवढी सवय व्हायला नको होती.

याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथे दरवर्षी ३१ डिसेंबरला ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती, पाणी किती, पिके कोणती घ्यायची. गाव उभे करणारे सरपंच म्हणून पोपटराव पवारांचे नाव सगळीकडे घेतले जाते. त्यांच्या गावात आकडे मोठ्याने वाचले जातात, ही साधी गोष्ट मात्र मागे पडते. पाण्याचा हिशेब चावडीवर होऊ शकतो, तर पैशाचा का नाही?

कोल्हारच्या दोन्ही काठांवरच्या ग्रामसभांत यंदा एवढे व्हावे. नमुना १ मधील रकमा शीर्षाने न वाचता जागेने वाचाव्यात: अमुक शाळेची अमुक खोली, अमुक वस्तीवरचे दिवे. प्रत्येक शाळेचे मुख्याध्यापक आणि समितीचा अध्यक्ष यांनी गळक्या खोल्यांची यादी सभेत द्यावी आणि ती इतिवृत्तात जशीच्या तशी उतरावी. उद्या जिल्हा परिषदेला ‘आम्हाला कळवले नव्हते’ म्हणता येणार नाही. स्वनिधीतला ठरावीक हिस्सा फक्त डागडुजीला, असा ठराव व्हावा. आणि ज्या आमदार-खासदारांच्या निधीतून यंदा गावात काही उभे राहील, त्यांना सभेने लेखी विचारावे की पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च कोणी करायचा. उत्तर आले तर पावसाळ्यापूर्वी येऊ द्या. ७ जूननंतर पत्रे बदलायला शिडी लावता येत नाही.