पावसाळा आणि कॅमेऱ्याची निगा

मालाची निगा कशी राखावी, हे व्यापारी घराण्याला नव्याने शिकवावे लागत नाही. ज्येष्ठ सरण्यापूर्वीच गोदामातील पोती फळ्यांवर चढतात, भिंतीपासून हातभर दूर सरकतात. कापडाच्या गठ्ठ्यांना हवा दिली जाते. मसाल्याच्या डब्यांची झाकणे तपासली जातात. मात्र त्याच घरातील किमती कॅमेरा वैशाखातील शेवटच्या लग्नानंतर चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवला जातो आणि थेट दिवाळीला बाहेर निघतो. त्या वेळी भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू पसरलेले आढळतात. पावसाचा एक थेंबही न लागता पावसाळ्याने कॅमेऱ्याचे नुकसान केलेले असते.

हे तंतू म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. सलग काही दिवस ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रता, अंधार, कोंडलेली हवा आणि बोटांच्या ठशातील किंचित तेल किंवा धूळ, एवढे तिला पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वरच असते. चामडे आणि कपडे हा ओलावा शोषून धरतात. म्हणूनच बंद कपाट सुरक्षित वाटले, तरी भिंगाच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट जागा ठरते. बुरशीतून स्रवणारी आम्ले भिंगावरील सूक्ष्म लेप कोरतात. आरंभीच ध्यानात आल्यास जाणकार कारागीर भिंग स्वच्छ करू शकतो. उशीर झाल्यास डाग कायमचे राहतात. उत्पादकाची हमी अशा नुकसानीस सहसा लागू होत नाही.

उपाय मात्र अल्प खर्चाचा आहे. झाकणाला रबरी कडा असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलचे मणी आणि एक लहानसा आर्द्रतामापक, एवढी सामग्री पुरेशी होते. आतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. ती ३० टक्क्यांखाली दीर्घकाळ राहणेही रबर व वंगणास हितकर नसते. केशरी मणी ओलावा शोषून हिरवट झाले, की ते पसरट ताटात काढून ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास तापवावेत. मूळ रंग परत येतो आणि ते पुन्हा उपयोगी पडतात. निळ्या मण्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून ते घरात टाळलेले बरे. कोणतेही मणी स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत व मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कापडी पिशवीत मण्यांची पुडी ठेवून लाभ नाही, कारण बाहेरची दमट हवा आत येतच राहते. ज्यांच्याकडे भिंगे अनेक आहेत, त्यांनी विजेवर चालणारे आर्द्रतानियंत्रित कपाट घ्यावे.

प्रवासातही सावधगिरी हवी. वातानुकूलित मोटारीतून घाटमाथ्यावर उतरताच थंड भिंगावर बाष्प जमते. उतरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि अर्ध्या तासाने तो बाहेरील तापमानास आल्यावरच उघडावा. भर पावसात भिंग बदलू नये. ‘हवामानरोधक’ या शब्दाला सर्वमान्य मोजमाप नाही. आयपी ६७ सारख्या श्रेणीला मात्र निश्चित अर्थ आहे: धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांपर्यंत वस्तू सुरक्षित राहते. शिवाय कॅमेरा रोधक असला, तरी त्यावरील भिंग तसे नसेल, तर जोडावरून पाणी शिरते. समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर किंचित ओलसर मऊ फडक्याने बाहेरील खार पुसून मग कोरडे करावे.

कॅमेऱ्यात पाणी शिरलेच, तर तो चालतो की नाही हे पाहण्याचा मोह आवरावा. तो बंद करावा, बॅटरी व कार्ड काढावे, बाहेरून टिपून घ्यावा आणि लवकरात लवकर कारागिराकडे न्यावा. केस वाळवण्याच्या यंत्राची उष्ण हवा पाणी आणखी आत ढकलते. तांदळाच्या डब्यात ठेवल्यास पीठ व धूळ फटींत शिरते.

या सर्वांहून सोपा उपाय म्हणजे वापर. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढावा, उजेडात भिंग पाहावे, पुसावे आणि घरातील चार छायाचित्रे घ्यावीत. उजेड आणि खेळती हवा बुरशीला मानवत नाही. शिवाय पावसाळ्याच्या चार महिन्यांत नातवंडे वाढतच असतात आणि आजी-आजोबांचे वय पुढे सरकतच असते. दिवाळीला काढू म्हणून राहिलेले छायाचित्र दरवेळी दिवाळीला काढता येतेच असे नाही.