काळं ऑइल फेकण्याआधी
दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचं ऑइल बदलताना मिस्त्री डिपस्टिक फडक्याला पुसतो, ‘काळं झालंय’ म्हणतो आणि सगळं डब्यात ओततो. पण नुसत्या काळेपणावरून इंजिनाची तब्येत कळत नाही. डिझेल गाडीचं ऑइल तर काजळीने लवकरच काळं पडतं. खरी खबर असते ती त्यात मिसळलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांत, आणि ती प्रयोगशाळेतच कळते. लोखंड वाढलं तर सिलिंडर किंवा कॅमशाफ्टची झीज, शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंगची. सिलिकॉन चढलं तर एअर फिल्टरकडून धूळ आत शिरत असावी. सोडियम, पोटॅशियम वाढलं तर कूलंटची गळती तपासावी. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनांचं तेल असंच तपासतात. नमुना घ्यायचा तो इंजिन गरम असताना, सुरुवातीची धार सोडून, कोरड्या स्वच्छ बाटलीत. ऑइल किती किलोमीटर चाललंय तेही बाटलीवर लिहायचं. मात्र एकाच अहवालावरून इंजिन खोलायला घेऊ नका. दोन-तीन अहवालांत आकडा कसा चढतो ते पाहा. इतकी वर्षं साथ दिलेली गाडी भंगारात काढण्याआधी तिची एवढी तपासणी व्हायलाच हवी.