उरलेले अन्न द्या, पण वेळेवर

तीन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली सकाळ. दवाखाना उघडायच्या आधीच ओट्यावर सातआठ जण बसलेले. बांधकामावरचे मजूर, बरोबर दोन लहान मुले. सगळ्यांना उलट्या-जुलाब. आदल्या दिवशी दुपारी मेहरूणमध्ये लग्न झाले. उरलेला मसालेभात आणि बासुंदी यजमानांनी रात्री दहाला त्यांच्या झोपड्यांवर पोचवली. हेतू चांगलाच! पण ते अन्न दुपारपासून पत्र्याखाली झाकून पडलेले, आणि आपल्या जळगावचा उन्हाळा मी का सांगायचा? एका मुलाला सलाइन लावावे लागले. त्याची आई सारखी म्हणत होती, "डॉक्टरसाहेब, वास तर येत नव्हता."

वास येतच नाही. भातातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीज शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की ते वाढते आणि विष तयार करते. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. दुधाच्या गोडात वाढणाप्‍यांच्या हातावरचे जंतू असाच प्रताप करतात.

म्हणून अन्न देऊच नका, असे मी म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. अशा राज्यात पातेलीच्या पातेली उकिरड्यावर ओतणे मला तरी बघवत नाही. उरलेले चांगले अन्न वाटण्यासाठी केंद्राचे अन्नसुरक्षा नियमही २०१९ पासून आहेत.

फक्त ठरवायचे पहिल्या पंगतीनंतर, मंडप उतरवताना नव्हे. किती उरेल हे आचाऱ्याला तेव्हाच कळते. न वाढलेले अन्न वेगळे काढून गरम असतानाच पाठवा. शिजवल्यापासून दोन तासांत, उन्हाळ्यात तासाभरात ते खाल्ले गेले पाहिजे. बट्टी, बुंदी असे कोरडे पदार्थ थोडे टिकतात. वरण, भात, बासुंदी, मठ्ठा यांचा भरवसा धरू नका. पानातले उष्टे तर कुणा माणसाला देऊच नका. आणि राहिलेला भात पुण्य म्हणून एकदम गाईपुढेही ओतू नका, पोट बिघडून जनावर दगावते. तो खतात जाऊ द्या.

त्याच यजमानांच्या धाकट्या मुलीचे लग्न यंदा झाले. दुसरी पंगत बसायच्या आतच डबे भरून टेम्पो निघाला. बासुंदी त्यांनी केलीच नव्हती.